ह्यूगो ग्रोशिअस

ह्यूगो ग्रोशिअस (१० एप्रिल १५८३ – २८ ऑगस्ट १६४५) हे डच कायदेपंडित, मुत्सद्दी, इतिहासकार व लॅटिन कवी होते. त्यांचे मूळ डच नाव हूखो दे ख्रोट असे असून ग्रोशिअस हे त्याचे लॅटिन रूप आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. खुला समुद्र कोणत्याही एका राजाच्या किंवा राष्ट्राच्या मालकीचा होऊ शकत नाही, हा सागरी कायद्यातील पायाभूत सिद्धान्त त्यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या 'मारे लिबेरुम' (मुक्त सागर) या छोट्या ग्रंथात मांडला. हा सिद्धान्त एखाद्या विद्यापीठातील निवांत चिंतनातून जन्मला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो एका पकडलेल्या जहाजाच्या खटल्यातून, व्यापारी कंपनीची बाजू मांडण्यासाठी तरुण वकिलाने हाती घेतलेल्या लेखनातून जन्मला. ग्रोशिअस यांचे मोठेपण आणि त्यांच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत सापडते.

बालपण व शिक्षण

ग्रोशिअस यांचा जन्म हॉलंडमधील डेल्फ्ट या नगरात एका सुखवस्तू व विद्याव्यासंगी घराण्यात झाला. वडील यान दे ख्रोट हे नगराच्या कारभारातील प्रतिष्ठित गृहस्थ व लायडन विद्यापीठाच्या विश्वस्तांपैकी एक होते. गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांच्यासह त्यांनी डेल्फ्टमधील चर्चच्या मनोऱ्यावरून कमीअधिक वजनाचे शिशाचे दोन गोळे खाली टाकून ते एकाच वेळी जमिनीवर पडतात हे पडताळून पाहिले होते. अशा घरात वाढलेल्या ह्यूगोने वयाच्या ११ व्या वर्षी लायडन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे जोसेफ स्कॅलिजर या थोर भाषापंडिताचे मार्गदर्शन त्याला लाभले.

१५९८ मध्ये हॉलंडचे प्रमुख राजकारणी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट यांच्या शिष्टमंडळासोबत हा १५ वर्षांचा मुलगा फ्रान्सला गेला. राजा चौथा हेन्री त्याच्या बुद्धिमत्तेने प्रभावित झाला. याच प्रवासात ऑर्लेआँ येथून त्याने कायद्याची डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर १५९९ च्या अखेरीस हेग येथे वकिलीची सनद घेतली. त्याच वर्षी त्याने स्टेव्हिन यांच्या भर समुद्रात बंदराचा ठाव कसा घ्यावा या विषयावरील पुस्तिकेचा लॅटिन अनुवादही प्रसिद्ध केला. समुद्राशी त्याचा लेखणीद्वारे आलेला हा पहिला संबंध होय.

'सांता कातारीना'ची पकड

सोळाव्या शतकाच्या अखेरीस आशियाच्या समुद्रांवर पोर्तुगीज आपला एकाधिकार सांगत होते. गोवा ही त्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी होती. हिंदी महासागरात फिरणाऱ्या जहाजांनी पोर्तुगीजांकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावा, ठरवून दिलेल्या बंदरांत जकात भरावी आणि निषिद्ध माल वाहू नये, असा त्यांचा दंडक होता. परवाना नसलेले जहाज ते पकडत व माल जप्त करत. गुजरातपासून मलबारपर्यंतच्या व्यापाऱ्यांना आणि मोगलांच्या हज यात्रेच्या जहाजांनाही या परवान्यांची दखल घ्यावी लागे. १५८० पासून पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले होते आणि स्पेनविरुद्ध डच प्रांतांचे स्वातंत्र्ययुद्ध त्याआधीपासूनच चालू होते. मसाल्यांच्या शोधात आशियात आलेल्या डच व्यापाऱ्यांची आणि पोर्तुगीजांची गाठ अशा स्थितीत पडली. १६०१ मध्ये मकाव येथे पोर्तुगीजांनी हाती लागलेल्या डच खलाशांपैकी बहुतेकांना ठार केल्याने वैर अधिकच तीव्र झाले.

२५ फेब्रुवारी १६०३ रोजी याकोब फान हेमस्कर्क या डच कप्तानाने आजच्या सिंगापूरच्या पूर्वेस, जोहोर नदीच्या मुखाजवळ नांगरलेले 'सांता कातारीना' हे प्रचंड पोर्तुगीज जहाज पकडले. ते मकावहून मलाक्केकडे चालले होते. लढाई दिवसभर चालली. माल बुडू नये म्हणून डचांनी तोफांचा मारा बेतानेच केला. अखेर प्राणदानाच्या अटीवर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली व जहाजावरील सैनिक, स्त्रिया आणि मुले यांना सोडून देण्यात आले. जोहोरचे राज्यकर्ते पोर्तुगीजांचे शत्रू असल्याने त्यांची हेमस्कर्कला साथ होती.

जहाजात कच्च्या रेशमाचे गठ्ठे, चिनी मातीची भांडी, कस्तुरी व साखर असा माल खच्चून भरलेला होता. ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या लिलावात त्याचे ३० लाख गिल्डरांहून अधिक उत्पन्न आले. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे मूळ भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होते, हे लक्षात घेता एका जहाजाने त्याच्या जवळपास निम्मी रक्कम मिळवून दिली असे दिसते.

खटला व वकिलाची नेमणूक

एवढ्या मोठ्या प्राप्तीबरोबर कायद्याचे प्रश्नही आले. युद्धकाळात शत्रूचे जहाज पकडले म्हणून ते आपोआप पकडणाऱ्याचे होत नाही. तेव्हाही होत नव्हते. पकडलेले जहाज न्यायमंडळापुढे आणावे लागे, त्यावर हक्क सांगणाऱ्यांना हजर होण्याची जाहीर सूचना द्यावी लागे आणि ती पकड कायदेशीर ठरल्याचा निवाडा मिळाल्यावरच मालाची मालकी बदलत असे. या निवाड्यावाचून असा माल विकत घेणाऱ्याचा हक्कही कच्चा राही. चाचेगिरी आणि कायदेशीर पकड यांतील सीमारेषा ती हीच.

हेमस्कर्कची बाजू या कसोटीवर दुबळी होती. तो राष्ट्राच्या आरमाराचा अधिकारी नव्हता, व्यापाऱ्यांचा नोकर होता. त्याच्याजवळील अधिकारपत्रानुसार त्याला स्वसंरक्षणासाठी आणि झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठीच बळाचा वापर करता येत होता. आपल्या अधिकारपत्राची मर्यादा त्याने ओलांडली काय, हा खरा प्रश्न होता. ॲमस्टरडॅमच्या आरमारी न्यायमंडळाने ९ सप्टेंबर १६०४ रोजी जहाज व माल ही कायदेशीर प्राप्ती असल्याचा निवाडा दिला. पोर्तुगीज मालकांपैकी कोणीही न्यायमंडळापुढे आले नव्हते.

निवाडा अनुकूल लागला तरी कंपनीची अडचण संपली नाही. काही भागधारकांना लढाईतून आलेला हा पैसा नको होता. त्यांत शस्त्र हाती घेणे पाप मानणारे मेनोनाइट पंथीय होते. शेजारच्या राष्ट्रांतही डचांना समुद्री लुटारू म्हटले जाण्याची भीती होती. म्हणून कंपनीने आपल्या कृतीचे समर्थन लिहून देण्याचे काम २१ वर्षांच्या ग्रोशिअस यांच्याकडे सोपवले. कागदपत्रे, कप्तानांच्या जबान्या आणि पोर्तुगीजांच्या अत्याचारांची माहिती त्यांना पुरवण्यात आली.

कंपनीला बहुधा एखादी चटकदार प्रचारपुस्तिका हवी असावी. ग्रोशिअस यांनी एक भलामोठा ग्रंथच लिहावयास घेतला. 'दे युरे प्रेदाए' (लुटीच्या हक्काविषयी) या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या ग्रंथात त्यांनी प्रथम निसर्गदत्त कायद्याची मूलतत्त्वे मांडली, त्यांतून युद्धाचे नियम काढले आणि शेवटी ते नियम 'सांता कातारीना'ला लावले. जेथे दाद मागण्यास न्यायालयच नाही तेथे अन्यायाचे परिमार्जन करण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीलाही असतो, हा त्यांचा त्यातील सर्वांत धाडसी, आणि तितकाच धोक्याचा, युक्तिवाद होता. हा ग्रंथ त्यांच्या हयातीत छापला गेला नाही.

'मारे लिबेरुम'

१६०९ मध्ये डच प्रजासत्ताक व स्पेन यांच्यात १२ वर्षांच्या तहाच्या वाटाघाटी चालू होत्या. डचांनी आशियाचा व्यापार सोडून द्यावा, असा स्पेनचा आग्रह होता. कंपनीच्या सांगण्यावरून ग्रोशिअस यांनी आपल्या अप्रकाशित ग्रंथाचे बारावे प्रकरण वेगळे काढून त्यावर हात फिरवला आणि लायडन येथे लेखकाच्या नावावाचून ते 'मारे लिबेरुम' म्हणून प्रसिद्ध झाले.

पोर्तुगीजांच्या हक्काचे एकेक कारण घेऊन ग्रोशिअस यांनी ते खोडून काढले. शोध लावला म्हणून मालकी मिळाली, हे त्यांना मान्य नव्हते, कारण ज्या देशात आधीच माणसे राहतात, ज्यांचे राजे आहेत, कायदे आहेत, त्या देशाचा शोध लागला असे म्हणण्यास अर्थ नाही. हिंदुस्थान तर ग्रीक आणि रोमन लोकांनाही ठाऊक होता. पोपने पूर्वेकडील प्रदेश दान केला, या दाव्यावर त्यांचे उत्तर असे की, जे आपले नाही ते पोपलाही देता येत नाही. तेथील लोक ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्यांची मालमत्ता किंवा सत्ता नाहीशी होत नाही. दीर्घ वहिवाटीचा मुद्दाही त्यांनी फेटाळला. विशेष म्हणजे या प्रतिपादनासाठी त्यांनी फ्रान्सिस्को दे व्हितोरिया आणि फेर्नांदो व्हास्केस या स्पॅनिश पंडितांचाच आधार घेतला. प्रतिपक्षाच्याच शास्त्र्यांना आपले साक्षीदार करण्याचे हे कसब पाहिले की वकील म्हणून त्यांची तयारी लक्षात येते.

समुद्राविषयीचा त्यांचा मुख्य युक्तिवाद साधा आहे. मालकी ताब्यातून निर्माण होते आणि ताबा घ्यायचा तर वस्तूला सीमा घालता आली पाहिजे. समुद्राला कुंपण घालता येत नाही. शिवाय एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी ती वस्तू उरत नसेल, तरच मालकीची गरज भासते. एका जहाजाच्या जाण्याने दुसऱ्या जहाजाची वाट बंद होत नाही. म्हणून समुद्र हवेप्रमाणे सर्वांचा आहे आणि त्यावरून जाण्याचा व परस्परांशी व्यापार करण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे.

पूर्वेकडील राजे आपापल्या राज्याचे पूर्ण धनी आहेत, असे सतराव्या शतकाच्या आरंभी युरोपात छापून प्रसिद्ध करणे ही लहान गोष्ट नव्हती. हे प्रतिपादन एका व्यापारी कंपनीच्या सोयीचे होते, हे खरेच आहे. तेवढ्याने ते खोटे ठरत नाही.

प्रत्युत्तरे

या पुस्तिकेला उत्तरे आली ती केवळ पोर्तुगालमधून नव्हेत. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०९ मध्येच परकीय कोळ्यांनी आपल्या किनाऱ्यालगत परवान्यावाचून मासेमारी करू नये, असे फर्मान काढले. त्याचा रोख डच हेरिंग मासेमारीवर होता. १६१३ मध्ये स्कॉटिश पंडित विल्यम वेलवुड यांनी समुद्री कायद्यांवरील आपल्या पुस्तकात किनाऱ्याजवळील मासे संपू शकतात, म्हणून तेथे किनाऱ्यावरच्या लोकांचा हक्क मानला पाहिजे, असा मुद्दा मांडला. ग्रोशिअस यांनी त्याला उत्तर लिहिले, पण ते छापले नाही. आज मासळीचे घटते साठे पाहता वेलवुड यांचा मुद्दा अधिक दूरदृष्टीचा होता, असे म्हणावे लागते. समुद्र कितीही वापरला तरी उणा होत नाही, हे ग्रोशिअस यांचे गृहीतक नौकानयनाला लागू पडते, मासळीला नाही.

पोर्तुगीज बाजूने धर्मगुरू व कायद्याचे प्राध्यापक सेराफिम दे फ्रेइतास यांनी १६२५ मध्ये पोर्तुगालच्या आशियातील सत्तेचे समर्थन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रज विद्वान जॉन सेल्डन यांचा 'मारे क्लाउसुम' (बंद सागर) १६३५ मध्ये बाहेर आला. मुक्त सागर की बंद सागर या वादाला इतिहासात ग्रंथयुद्ध म्हटले जाते.

लंडनची बोलणी

१६०७ मध्ये ग्रोशिअस हॉलंडच्या उच्च न्यायालयात सरकारी वकील झाले. १६०८ मध्ये त्यांचा मारिया फान रायखर्सबर्ख यांच्याशी विवाह झाला. १६१३ मध्ये रॉटरडॅम नगराचे कायदा सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ते ईस्ट इंडीजच्या व्यापाराविषयी बोलणी करण्यासाठी लंडनला गेले.

तेथे त्यांच्यापुढे अवघड प्रसंग उभा राहिला. मोलुक्का व बांदा बेटांच्या मसाल्यांपासून डच आता इंग्रजांना दूर ठेवत होते. इंग्रज प्रतिनिधींनी व्यापार सर्वांना मुक्त असल्याचे सांगताना 'मारे लिबेरुम'मधीलच युक्तिवाद डचांपुढे ठेवले. ग्रोशिअस यांचे उत्तर असे होते की, डचांनी मोठा खर्च व मनुष्यहानी सोसून बेटवासीयांचे पोर्तुगीजांपासून रक्षण केले, त्याच्या मोबदल्यात बेटवासीयांनी आपला माल फक्त डचांना विकण्याचे करार केले आणि करार पाळलेच पाहिजेत. कायद्याच्या भाषेत हे उत्तर अगदीच निराधार नव्हते. पण ते करार कशा परिस्थितीत झाले, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने बांदा बेटे जिंकली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम केले गेले किंवा परागंदा झाले. जायफळाच्या व्यापारातील एकाधिकार अशा रीतीने पक्का झाला. त्या वेळी ग्रोशिअस सत्तेबाहेर होते, तरी त्यांच्या चरित्रातून हे पान वगळता येत नाही.

कैद व सुटका

डच प्रजासत्ताकात या काळात कॅल्व्हिनपंथीयांमधील धार्मिक वादाने राजकीय रूप घेतले. मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला काही वाव मानणाऱ्या उदार गटाची व धार्मिक सहिष्णुतेची बाजू ओल्डनबार्नेफेल्ट आणि ग्रोशिअस यांनी घेतली. कट्टर गटाला राजपुत्र मॉरिस यांचा पाठिंबा मिळाला. ऑगस्ट १६१८ मध्ये दोघांनाही अटक झाली. १३ मे १६१९ रोजी वृद्ध ओल्डनबार्नेफेल्ट यांचा शिरच्छेद करण्यात आला. ग्रोशिअस यांना जन्मठेप व संपत्तीच्या जप्तीची शिक्षा होऊन लूफेस्टाइन किल्ल्यात ठेवण्यात आले.

तुरुंगात त्यांनी हॉलंडच्या कायद्याचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला. तो १६३१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोमन-डच कायदा जेथे टिकून आहे त्या दक्षिण आफ्रिकेत व श्रीलंकेत तो अजूनही आधारग्रंथ मानला जातो. याच कैदेत त्यांनी दूरच्या सफरींवर जाणाऱ्या डच खलाशांसाठी ख्रिस्ती धर्माची तत्त्वे सांगणारे दीर्घ पद्यही रचले. तुरुंगातही त्यांच्या मनातून जहाजे गेली नव्हती.

अभ्यासासाठी पुस्तकांची एक पेटी किल्ल्यात ये-जा करत असे. पहारेकरी सुरुवातीला ती उघडून पाहत, पुढे कंटाळून तपासेनासे झाले. हे मारिया यांच्या ध्यानात आले. २२ मार्च १६२१ रोजी त्यांनी पतीला त्या पेटीत बंद केले व स्वतः मागे राहिल्या. एल्स्ये फान हाउवेनिंग ही तरुण मोलकरीण पेटीसोबत नावेतून खोर्कुम गावी एका परिचितांच्या घरी गेली. तेथून ग्रोशिअस गवंड्याच्या वेशात अँटवर्पला व पुढे पॅरिसला पोहोचले. मारिया यांना काही दिवसांनी सोडून देण्यात आले. ती पेटी आपल्याकडे असल्याचे नेदरलँड्समधील एकाहून अधिक संग्रहालये सांगतात.

'युद्ध आणि शांतता यांचा कायदा'

फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने ग्रोशिअस यांना वार्षिक तनखा मंजूर केला, पण तो क्वचितच वेळेवर हाती पडे. या विपन्नावस्थेत त्यांनी 'दे युरे बेली आक् पाकिस्' हा आपला प्रमुख ग्रंथ पूर्ण केला. तो १६२५ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा मध्य युरोप उद्ध्वस्त करत होते. युद्ध कोणत्या कारणासाठी न्याय्य ठरते आणि ते चालू असतानाही कोणते नियम पाळले पाहिजेत, याचा हा पद्धतशीर विचार आहे. ईश्वर नाही असे क्षणभर धरले तरी निसर्गदत्त कायदा काही अंशी टिकून राहील, हे त्यातील विधान फार गाजले.

सागरी कायद्याच्या अभ्यासकाला या ग्रंथात वीस वर्षांपूर्वीच्या वकिलापेक्षा अधिक सावध ग्रोशिअस भेटतात. किनाऱ्यावरून ज्यावर जरब ठेवता येते तेवढ्या समुद्रपट्ट्यावर किनाऱ्यावरील राज्याची सत्ता असू शकते, हे येथे ते मान्य करतात. याच धाग्यावरून पुढे कॉर्नेलिस फान बिंकरशूक यांनी १७०२ मध्ये तोफेचा गोळा जेथवर पोहोचतो तेथवर राज्याची सत्ता, हा नियम मांडला. संकटकाळातील हक्कांची चर्चा करताना ग्रोशिअस जहाजाचीच उदाहरणे देतात. सफरीत अन्न संपत आले तर ज्याच्याजवळ जे असेल ते सर्वांसाठी खुले केले पाहिजे, आणि दुसऱ्याच्या नांगराच्या दोरांत जहाज अडकून जिवावर बेतले तर ते दोर कापता येतात.

अखेरची वर्षे

१६३१ मध्ये ग्रोशिअस मायदेशी परतले, परंतु सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास २००० गिल्डरांचे बक्षीस लावल्याने काही महिन्यांतच त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. १६३५ पासून सुमारे १० वर्षे ते पॅरिसमध्ये स्वीडनचे राजदूत होते. याच काळात त्यांच्या देशबांधवांचे आरमार दर हंगामात गोव्याची नाकेबंदी करत होते. तिच्या सोयीसाठी डच कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही तेथे आहेत. कोणाला न विचारता समुद्रावर जाण्याचा हक्क मागणारे डच आता स्वतःच समुद्राची वाट अडवत होते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक घेण्याची सक्ती केली तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. परवाना देणारा कोण आणि चाचा कोण, हा 'सांता कातारीना'च्या वेळचाच प्रश्न होता.

१६४५ मध्ये राजदूतपदावरून परत बोलावले गेल्यावर ग्रोशिअस स्टॉकहोमला गेले. राणी क्रिस्तिना यांनी देऊ केलेले पद त्यांनी स्वीकारले नाही. परतीच्या प्रवासात बाल्टिक समुद्रात वादळाने जहाज पोमेरेनियाच्या किनाऱ्यावर फेकले गेले. तेथून उघड्या गाडीतून पाऊसवाऱ्यात प्रवास करत ते आजारी अवस्थेत रॉस्टॉक येथे पोहोचले व तेथेच २८ ऑगस्ट १६४५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन डेल्फ्टमधील नव्या चर्चमध्ये करण्यात आले.

प्रभाव

१८८६ मध्ये डेल्फ्टच्या बाजारचौकात ग्रोशिअस यांचा पुतळा उभारण्यात आला. १८९९ च्या हेग शांतता परिषदेच्या वेळी अमेरिकी शिष्टमंडळाने त्यांच्या समाधीवर चांदीचे पुष्पचक्र अर्पण केले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र व २०० सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र मान्य केले. त्यापलीकडील खुल्या समुद्रावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येत नाही. भारताने या कराराला १९९५ मध्ये मान्यता दिली. किनारी पट्ट्यातील साधनसंपत्तीपुरते वेलवुड आणि खुल्या समुद्रापुरते ग्रोशिअस, अशी या करारातील वाटणी ढोबळपणे सांगता येते.

'मारे लिबेरुम' हे एका मोठ्या ग्रंथाचे प्रकरण आहे, याचा दोन शतकांहून अधिक काळ कोणालाच पत्ता नव्हता. १८६४ मध्ये ग्रोशिअस यांच्या वंशजांकडील कागदपत्रे हेग येथे लिलावात निघाली, तेव्हा त्यांत 'दे युरे प्रेदाए'चे त्यांच्या हस्ताक्षरातील हस्तलिखित सापडले. वेलवुड यांना दिलेले अप्रकाशित उत्तरही त्याच कागदांत होते. लायडन विद्यापीठाने हस्तलिखित विकत घेतले आणि १८६८ मध्ये ते प्रथम छापले गेले. खुल्या समुद्राच्या सिद्धान्ताचा 'सांता कातारीना'शी असलेला संबंध त्यानंतरच अभ्यासकांना स्पष्टपणे कळला.